फुस्स आवाज आणि अब्बांचा काटा

थोरल्याने जीपला फुस्स आवाज करणारा व्हॉल्व्ह बसवला, तेव्हा मी हसून सोडून दिले. २० वर्षांचा मुलगा, स्वतःच्या पैशाने आणलेला शौक.

गेल्या जुम्याला अम्मीला घेऊन नांदेडला निघालो. पूर्णा मागे पडले आणि म्हैस आडवी आली. ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट! दोन्ही पाय रोवून अक्षरशः उभा राहिलो, तेव्हा कुठे गाडी थांबली. मागे अम्मी मोठ्याने कलमा पढत होत्या.

पेट्रोलच्या टर्बो गाडीत एक्सलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप मिटते, टर्बोने दाबलेली हवा कोंडते. तिला वाट देण्यासाठी हा व्हॉल्व्ह. आमच्या जुन्या डिझेल जीपला ती झडपच नाही, मग कोंडणार काय? नुसत्या आवाजासाठी पोराने ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी कापून मध्ये टी जोडला होता. तिथली क्लिप निसटली होती.

अब्बा रेल्वेत गार्ड होते. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकच्या गाडीत नळी सुटली की ब्रेक आपोआप लागत. तरीही निघण्यापूर्वी ते ब्रेकव्हॅनमधला काटा पाहिल्याशिवाय झेंडी दाखवत नसत. मोटारीत नेमके उलटे: नळी गळली की बूस्टरचा जोर जातो. हे मला ठाऊक होते. मुलाला कधी सांगितले नव्हते.

संध्याकाळी दोघांनी मिळून टी काढला, अखंड नळी लावली. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबले, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केले. पेडल किंचित खाली गेले.

"आता तू करून बघ," मी उतरलो.