शुक्रवारचा डबा

उपवासकाळ आला की मला हमखास एक डबा आठवतो. आमच्या घरातल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट अर्धीच माहीत आहे. आज पूर्ण लिहून टाकते.

माझं माहेर वसईचं, नोकरीमुळे माहीमला आले आणि इथल्याच वाडीत स्थिरावले. शाळेत हजेरीपट, गुणपत्रक. घरी देवाचाही हजेरीपट. रोज रोझरी, रविवारी देऊळ, उपवासकाळात शुक्रवारी मटण-कोंबडी नाही. एकही खाडा नाही, याचा मला भारी अभिमान होता.

धाकट्या बहिणीने १९८१ साली एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मी गेले नाही. पत्र आलं, उत्तर दिलं नाही. चौदा वर्षं! त्या चौदा वर्षांत माझा एकही शुक्रवार चुकला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

बीए करताना पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं होतं, पण परीक्षेपुरतंच. निवृत्तीनंतर त्यांचं आत्मकथन नीट वाचलं. आईवडील तीर्थयात्रा, उपास-तापास, दानधर्म करता करता दुष्काळात गेले. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाईंनी बाप्तिस्मा घेतला. आणि तरीही १८९१ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेलाच नाही. म्हणजे आठ वर्षं! शारदा सदन चालवणारी, एवढी विदुषी बाई. त्यांना हे उमगलं ते हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचं पुस्तक वाचून. त्या गृहस्थांचं मन तर स्वतःच प्रवचन देता देता पालटलं होतं! ते वाचून मला जरा धीर आला.

कृपा कमवावी लागते की फुकट मिळते, यावर कॅथलिक आणि लुथरन लोक जवळजवळ पाचशे वर्षं भांडले. १९९९ साली जर्मनीत आउग्सबुर्गला दोघांनी मिळून निवेदनावर सह्या केल्या की ती देवाची देणगीच आहे, आपल्या गुणांवर मिळत नाही. सत्कर्मं तिच्यामागून येतात. मला मात्र हे चार वर्षं आधीच, डब्यातून कळलं होतं. असो.

१९९५ चा मार्च. मला टायफॉइड झाला होता, ताप उतरला होता पण अंगात त्राण नव्हतं. दुपारी पानमळ्याच्या वाटेने कोणी येताना दिसलं. बहीण. केस पांढरे व्हायला लागलेले, हातात स्टीलचा डबा.

"ताई, कोंबडीचा पातळ रस्सा आणलाय. अंगात ताकद येईल."

आणि चौदा वर्षांनंतर मी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य काय? "आज शुक्रवार आहे."

आजाऱ्याला यातून सूट असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्गात मुलांना मीच सांगत असे.

ती क्षणभर उभी राहिली. मला वाटलं, आता जाईल. तिने डबा फ्रिजमध्ये ठेवला, पदर खोचला आणि तांदळाची पेज टाकली. चमच्याने भरवली. लग्नाचा विषय नाही, पत्रांचा नाही. माझ्याकडून माफीचा एक शब्दही तिला नको होता, आणि मी तो दिलाही नव्हता. जाताना म्हणाली, "उद्या येते गं," जणू कालच येऊन गेली होती.

माझ्या सगळ्या शुक्रवारांची बेरीज केली तरी त्या पेजेची किंमत भरली नसती. पेज अशी बेरजेवर मिळालीच नव्हती.

त्या रात्री दहा वाजता मी उठले. डबा काढला, स्टोव्हवर रस्सा गरम केला आणि भिंतीला टेकून खाल्ला. शुक्रवार संपायला अजून दोन तास होते.