रक्ताचा हजेरीपट

मुलांनो, तुमच्या घरात कोणाला तरी 'शुगर' असेल. दादी, नानी, मामू, कोणी ना कोणी. मराठीत या आजाराला मधुमेह म्हणतात. माझ्या अम्मींना तो बारा वर्षांपासून आहे.

आम्ही मालेगावात राहतो. गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असतो आणि चहा इतका गोड, की पाहुण्याने साखर कमी सांगितली तर घरातल्या बायका रुसतात. पूर्वी रक्त तपासण्याआधी अम्मी दोन दिवस कडक पथ्य पाळत. भात बंद, मिठाई बंद. उपाशीपोटी तपासलेली साखर बरी येई आणि त्याच संध्याकाळी जिलेबी! परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्हीही असेच करता, हे मला ठाऊक आहे.

मग डॉक्टरांनी दुसरी तपासणी लिहून दिली. तिचे नाव एचबीएवनसी. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असते. रक्तातील साखर हळूहळू त्याला चिकटते आणि मग सुटत नाही. साखर जास्त, तर चिकटणेही जास्त. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. दोन दिवसांच्या पथ्याने ती फसत नाही. मी शिक्षक, मला तर तो हजेरीपटच वाटला. अम्मींचा आकडा ९.२ आला. बहुतेक रुग्णांचा तो ७ च्या खाली असावा लागतो. अम्मी म्हणाल्या, "ही मशीन फार चुगलखोर आहे!"

डॉक्टरांनी मोठे काही सांगितले नाही. गोळ्या वेळेवर घ्या, चहात साखर नको, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला आणि झोपण्यापूर्वी पाय पाहा. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. गल्लीत रिक्षा आणि सुताचे गठ्ठे. तिथे कुठे चालणार? अम्मी गच्चीवर चालतात. माझी मुलगी फेऱ्या मोजते. दादी दमली की ती दोन फेऱ्या जास्तच मोजते, असा मला संशय आहे.

पाय का पाहायचे? वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली, की पायाच्या नसा बधिर होतात. शेजारच्या चाचांच्या चपलेतून एक खिळा वर आला होता. दिवसभर टोचला, पण त्यांना कळलेच नाही. जखम चिघळली. आधी अंगठा कापावा लागला, मग पाऊल. मागावर बारा तास उभा राहणारा माणूस खाटेवर बसला. त्यांच्या थोरल्या मुलाने नववीतून शाळा सोडली. तो माझ्याच वर्गात होता.

तेव्हापासून इशाच्या नमाजनंतर मी अम्मींचे पाय पाहतो. दोन मिनिटे लागतात. वजू करताना पाय धुतले जातात, हे चांगलेच. पण बोटांच्या मध्ये ओल राहिली तर तिथे बुरशी होते. म्हणून पाय टिपायला एक मऊ सुती कापड ठेवले आहे. सुरुवातीला अम्मींना संकोच वाटे.

"बेटा, आईचे पाय काय तपासतोस?"

"मास्तर आहे, अम्मी. तपासल्याशिवाय झोप येत नाही."

मागच्या हिवाळ्यात टाचेला खोल भेग दिसली. अम्मींना काहीच दुखत नव्हते. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेलो. पंधरा दिवसांत ती भरून आली.

रोज सगळे जमते असे नाही. लग्नसराईत फेऱ्या चुकतात. रमजानपूर्वी रोजे ठेवावेत की नाही आणि गोळ्या केव्हा घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारावे लागते. इफ्तारच्या सरबतावरून तर दरवर्षी वाद! एखादा दिवस चुकल्याने हजेरीपट फारसा बिघडत नाही. महिना चुकला, तर मात्र लगेच दिसते. वर्षभराने अम्मींचा आकडा ७.४ आला. तो कागद त्यांनी कपाटात कपड्यांखाली जपून ठेवला आहे.

तुमच्या घरी कोणाला शुगर असेल, तर आज रात्री चांगल्या उजेडात त्यांचे तळवे पाहा. बोटांच्या मध्येही पाहा. आणि चपलेत हात घालून बघायला विसरू नका.