पांढरी पाच

जत्रेतली बासरी दिवसा वाजवायची असते. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, घोड्यांच्या टापांनी उडालेली धूळ तापीवरच्या गार वाऱ्यात तरंगत असताना, काठीला चहूबाजूंनी बासऱ्या खोचलेला एक माणूस गर्दीतून चालतो आणि सिनेमातलं एखादं गाणं असं काही वाजवतो, की पाळण्यांची करकर, कर्ण्यांचा गोंगाट, जिलेबीच्या कढईचा चर्र आवाज हे सारं कापत ती धून नेमकी पोराच्या कानात शिरते. पोरगं हट्ट धरतं, बाप खिशात हात घालतो, आणि घरी आल्यावर त्याच नळीतून नुसती किंकाळी निघते. धून तोवर पुढच्या यात्रेला गेलेली असते.

माझ्याकडे तशी एक होती, चोच असलेली, तोंडात धरून फुंकायची. हवेची वाट आधीच कोरलेली, त्यामुळे कुणीही फुंकावं आणि तिने ओ द्यावी. इंग्लंडात रॉबर्ट क्लार्कने 1843 पासून पत्र्याच्या शिट्ट्या बनवल्या, पुढे आयर्लंडचे नाच ज्यांच्यावर रंगले, त्याही याच कुळातल्या. उदार वाद्य. मग आडवी आली, 19 इंचांची सी नॅचरल, क्लासात पहिल्यांदा हातात देतात ती. तिने ओठांना शिस्त लावली, बोटांना जागा दाखवल्या, आणि तरी तिचा सारा जीव वरच वावरणारा होता. रात्री नऊनंतर ती काढली की गल्लीतलं कुत्रं सगळ्यात आधी दाद द्यायचं.

आमच्या विसरवाडीचा स्वतःचा एक खालचा सूर आहे. धुळ्याकडून सुरतेला जाणाऱ्या गाड्या कोंडाईबारीचा घाट उतरून गावाजवळून जातात, आणि बाजार उठल्यावर, शटरं पडल्यावर, शेवटच्या एसटीची वाट पाहणारे दोघं-तिघंही निघून गेल्यावर, त्या गाड्यांची घरघर एकमेकींत विरघळून एकच लांब, काळपट, न तुटणारा नाद होऊन घराच्या भिंतींना टेकून बसते. लहानपणापासून मी त्याच्यावरच झोपत आलो. माझी छोटी बासरी त्या नादाच्या वर कुठेतरी चमचमायची, पातळ, एकटी. मला तिथं खाली जायचं होतं.

खाली जायला पैसे पडतात.

इथल्या डोंगरातला मानवेल जवळजवळ भरीव. त्याच्या काठ्या होतात, टोपल्या होतात, पण लांब बासरीला हवी तशी पातळ भिंत त्याला नाही. तसा बांबू आसामातल्या सिलचरकडून उत्तर प्रदेशात पिलीभीतला जातो आणि तिथे तापल्या सळईने त्याला भोकं पडतात. दोन पेरांमधलं अंतर मोठं हवं, नळी सरळ हवी, भिंत सगळीकडे सारखी हवी. असा तुकडा हाती लागणं, तो वाळेपर्यंत धीर धरणं आणि मग छिद्र केसभरही न चुकवणं, किंमत याची असते. गंमत अशी की एवढं सगळं करून मिळतो तो आवाज आधीपेक्षा हळू. स्वस्त बासरी लांबवर ऐकू जाते, महाग बासरी जवळ बोलावते.

सुरतेच्या दुकानात मी पांढरी पाच मागितली. भजनाच्या पेटीमुळे पट्टी सांगताना आमच्या तोंडी काळी-पांढरीच बसलेली. दुकानदाराने ‘जी’ म्हणत पंचवीसेक इंचांच्या काही बासऱ्या काचेवर मांडल्या. पन्नालाल घोषांची आठवण आलीच. 1911 ते 1960 एवढंच त्यांचं आयुष्य, पण गुराख्याच्या हातातलं आखूड वाद्य त्यांनी 32 इंचांच्या आसपास वाढवलं, तेव्हा कुठे बासरीला ख्यालाचा संथ विस्तार पेलता येऊ लागला. बोटं ताणली जातात, उजव्या अनामिकेला कळ लागते. पण ती कळ ज्याच्यासाठी सोसायची तो मंद्र त्या लांबीतच राहतो.

एक बासरी दिव्यासमोर धरली आणि उघड्या टोकाला डोळा लावला. पलीकडे बूच, म्हणून आत काळोख. आणि त्या काळोखात वरच्या छिद्रांतून पडलेले उजेडाचे ठिपके, एकामागे एक, लांब होत गेलेले. छिद्रांच्या कडा जळून तपकिरी, बोटाला गुळगुळीत. टोकांना लाल धागा घट्ट गुंडाळलेला; उन्हाळ्यात बांबू तडकू नये म्हणून. कडेला पेन्सिलीने कुणीतरी लिहिलेलं पट्टीचं अक्षर. मी तीन बोटं ठेवून षड्ज लावला, फुंक आवळून वरच्या सप्तकातला षड्ज लावला, फोनवरच्या तानपुऱ्याशी दोन्ही ताडून पाहिले, आणि मग सहाही छिद्रं झाकून खालच्या पंचमाची वाट पाहिली. पहिलीत नुसती हवा. दुसरीत आवाज मोठा, पण कोरडा. तिसरीच्या पोटावर पाण्याचा डाग होता, आणि तिच्यात पंचम फुंकेच्याही आधी येऊन बसला. दोन हजार चारशे. त्याहून कितीतरी महाग एक होती, तीही वाजवून पाहिली, फार गोड होती. पण चाळिशीनंतर शिकायला लागलेल्या माणसाने एवढी मोठी वस्तू घरी आणली, की ती रोज कोपऱ्यातून हिशेब मागते. मधली बरी. तिला हात लावायला भीती वाटत नाही.

मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव लागला की कोकणा पाड्यांवरून पावरी ऐकू येते, भोपळ्याच्या पोटात घुमून आलेली, ओलसर, रानातली. पावरीला पट्टी कुणी विचारत नाही. ती देवासाठी वाजते आणि माणसं तिच्याभोवती फिरतात. मी असला विकत घेतलेला, अक्षर लिहिलेला सूर घेऊन तो आवाज ऐकतो तेव्हा जरा ओशाळतो. मग वाटतं, पावरी ज्याच्या घरची त्याच्या श्वासाला बसलेली असते, आणि माझ्या श्वासाने आत्ता कुठे ओळख काढायला सुरुवात केली आहे.

ओळख अशी, की जोर कमी करायचा. थंडीत बांबू गार असतो, सूर उतरलेला. आधी नुसती ऊब आत सोडायची. मग ओठ सैल, सहा बोटं सहा काठांवर, आणि पंचम लागला की तो आधी कानाला कळत नाही, बोटांच्या पेरांना कळतो. सगळी नळी थरथरते, महामार्गाचा नाद तिच्याखाली सरकून येतो, मी आणि घाट उतरणारा कुठलातरी अनोळखी मालट्रक काही क्षण एकाच षड्जावर असल्यासारखे वाटतो, आणि कुणी उठत नाही, कुत्रंही नाही.

सकाळी चहाच्या टपरीवर शेजारचे आबा म्हणाले, “रात्री तू वाजवत होतास होय? मला वाटलं गाडी घाट चढतेय.” आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी दाद. मग त्यांनी किंमत विचारली. सांगितली.

“एवढ्यात शेळीची पाठ आली असती,” ते बशीतला चहा फुंकत म्हणाले. “वर दूध.”