मुरलेली बिअर आणि काळाचे वाचन (थ्रेड)

१/ 'मुरणे' हे क्रियापद आपण लोणच्यासाठी, मुरांब्यासाठी आणि एखाद्या कसलेल्या राजकारण्यासाठी वापरतो, बिअरसाठी नाही. बिअर ताजीच प्यावी असा सर्वसाधारण समज आहे आणि बहुतेक बिअरच्या बाबतीत तो खराही आहे. बेल्जियममधील काही तीव्र, गडद एल मात्र त्याला अपवाद ठरतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी लुव्हेनला आल्यावर पहिल्याच शरद ऋतूत मी अशा सहा बाटल्या घेऊन तळघरात ठेवल्या. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/ बाटल्या 'शिमे ब्ल्यू'च्या आहेत. दक्षिण बेल्जियममधील स्कूरमों येथे १८५० मध्ये ट्रॅपिस्ट मठ स्थापन झाला आणि १८६२ मध्ये तेथे बिअर बनू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर फादर थिओडोर यांनी लुव्हेनचे प्राध्यापक जाँ द क्लर्क यांच्या साहाय्याने तेथील यीस्टवर काम केले व बिअरची नवी घडी बसवली. ९ टक्के अल्कोहोलची ही गडद एल मुळात नाताळसाठी बनवली जात असे.

३/ अशा बाटल्या पाहून अनेकांना मध्ययुगापासून अखंड चालत आलेली परंपरा आठवते. इतिहास तसे सांगत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत या प्रदेशातील मठ बंद पडले. ओर्व्हालचा मठ १७९३ मध्ये जाळला गेला आणि त्याची पुनर्बांधणी १९२६ मध्ये सुरू झाली. वेस्टमालेच्या भिक्षूंनी पहिली बिअर बनवली ती १८३६ मध्ये. नियम आणि संप्रदाय जुने असले, तरी आजच्या ट्रॅपिस्ट ब्रुअरी एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या आहेत.

४/ मग एवढी तीव्र बिअर का? एक धागा कायद्याकडे जातो. १९१९ मध्ये समाजवादी नेते एमिल व्हान्डरव्हेल्डे यांच्या पुढाकाराने कॅफेत ऊर्ध्वपातित मद्य विकण्यास बंदी आली. दुकानातून घ्यायचे, तर एका वेळी किमान २ लिटर घ्यावे लागे. कामगाराच्या खिशाला ते परवडणारे नव्हते. बिअर बंदीबाहेर राहिली आणि तीव्र बिअरला मोकळे मैदान मिळाले. वेस्टमालेची प्रसिद्ध 'ट्रिपेल' १९३४ ची आहे. हा कायदा १९८० च्या दशकापर्यंत टिकला.

५/ आता मुरण्याची क्रिया. बाटलीत भरताना थोडी साखर व जिवंत यीस्ट घातले जाते. त्यामुळे बंद बाटलीत पुन्हा किण्वन होते. वायू तयार होतो आणि यीस्ट उरलासुरला प्राणवायू बऱ्याच अंशी शोषून घेते. तरीही बुचातून हवा अत्यंत सावकाश झिरपतेच. हॉप्सचा कडवटपणा ओसरतो, ताज्या फळांचा गंध विरतो आणि सुक्या मेव्याचा, शेरीचा गंध पुढे येतो. हलक्या बिअरमध्ये हेच ऑक्सिडेशन ओल्या पुठ्ठ्याची चव आणते. येथे अल्कोहोल आणि गडद माल्ट तिला सावरून धरतात. बाटली उभी, अंधारात आणि १२ ते १४ अंशांच्या आसपास ठेवायची. उजेड लागला, की हॉप्स बिघडून दुर्गंध येतो.

६/ माझ्या वहीतील नोंदी. ताजी: मिरीचा झणका, कडसर शेवट, घशात जाणवणारी ऊब. सहा महिने: झणका तोच, कडवटपणा थोडा मागे. एक वर्ष: अंजीर आणि काकवी. दीड वर्ष: भिजवलेले काळे मनुके, फेस कमी, ऊब आहे पण टोचत नाही.

७/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची अडचण भेटते. दप्तरखान्यातील कागद पुन्हा उघडता येतो. बाटली एकदाच वाचता येते आणि वाचताच ते साधन नष्ट होते. दर वेळी मी शेजारी एक ताजी बाटली ठेवली, पण ती वेगळ्या घाण्याची. शिवाय जीभही दीड वर्षाने मोठी झालेली. म्हणजे बदल बाटलीत किती आणि माझ्यात किती, हे नोंदींवरून पुरते वेगळे करता येत नाही. बखर वाचतानाही प्रश्न हाच असतो: लिहिलेला काळ कोणता आणि लिहिणाऱ्याचा काळ कोणता?

८/ सिस्टर्शियन भिक्षू जी व्रते घेतात, त्यांत एक स्थैर्याचे असते: ज्या मठात आलो, तेथेच आयुष्य काढायचे. हे वाचले तेव्हा तळघराचा अर्थ नव्याने लागला. मुरायला नुसता काळ पुरत नाही, ठावही लागतो. माझ्या पिढीकडे काळ आहे, ठाव भाडेकरारापुरता. या उन्हाळ्यात पदवी पूर्ण होईल आणि खोली सोडावी लागेल. दोन बाटल्या उरल्या आहेत. पुढे नोकरी कोठे, कोणत्या देशात, हे अजून ठरलेले नाही. आई दर रविवारी विचारते आणि मी विषय बदलते.

९/ त्या दोन बाटल्या मी तळमजल्यावरच्या आजींकडे सोपवणार आहे. चाळीस वर्षे त्या याच इमारतीत आहेत. एक त्यांनी तीन वर्षांनी उघडावी आणि चव कशी लागली ते मला लिहून कळवावे, एवढेच मागितले. त्यांनी होकार दिला, मात्र चष्मा पुसत विचारले, "आणि दुसरी कोणासाठी?" मी कागदावर माझे नाव लिहून बाटलीला चिकटवले. तारखेची जागा कोरी ठेवली आहे.