पीटरची कात्री

दाढी ठेवायची असेल तर टॅक्स भरा, असा कायदा रशियात खरोखर होता. १७०५ साली. बड्या व्यापाऱ्याला वर्षाला १०० रूबल, दरबारी आणि सरकारी माणसाला ६०. खेडूत आपल्या गावात हवी तेवढी दाढी वाढवायला मोकळा. पण शहरात शिरताना आणि बाहेर पडताना दर वेळी एक कोपेक मोजायचा. थोडक्यात, टोलनाका! पावती म्हणून नाण्यासारखा बिल्ला मिळायचा. त्यावर नाक, मिशा आणि दाढीचं चित्र, आणि वर 'पैसे घेतले' अशी अक्षरं.

डोकं अर्थात झार पीटरचं. १६९७ मध्ये हा गडी नाव बदलून युरोपच्या दौऱ्यावर गेला, हॉलंडच्या गोदीत सुतारांच्या बरोबरीनं जहाज बांधायला शिकला, आणि १६९८ मध्ये परत आल्याआल्या भेटायला आलेल्या सरदारांच्या दाढ्या त्यानं स्वतःच्या हातानं कापल्या. ऑनसाइटहून परत येऊन पहिल्याच सोमवारी अख्ख्या टीमची प्रोसेस बदलणारा मॅनेजर आपण सगळ्यांनीच पाहिलाय. याच्याकडे कात्री होती, आणि पाठीशी सैन्य.

पीटरचं कौतुक करणारे म्हणतात, त्यानं रशियाला आरमार दिलं, शाळा दिल्या. मान्य. पण जहाज बांधायला दाढी कुठे आड येत होती? जुन्या वळणाच्या रशियन माणसासाठी दाढी म्हणजे देवानं दिलेलं रूप. ती उतरवणं हे पाप. म्हणजे घाव नेमका कुठे घालायचा हे पीटरला पक्कं ठाऊक होतं.

मग १७०३ मध्ये दलदलीत सेंट पीटर्सबर्ग उभं राहायला लागलं. दगड आणि गवंडी तिकडेच लागावेत म्हणून १७१४ मध्ये बाकीच्या देशात दगडी घर बांधायलाच बंदी! नकाशे परदेशी लोकांचे. पुढचा विंटर पॅलेससुद्धा रास्त्रेली या इटालियन माणसाचा. शब्दही बोटीतून आल्यासारखे आले. रशियनमध्ये न्हाव्याला 'परिकमाखर' म्हणतात. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ केसांचे टोप बनवणारा.

पीटरनंतर वारा फ्रान्सकडून वाहायला लागला. दुसरी कॅथरीन स्वतः जन्मानं जर्मन, पण पत्रव्यवहार व्हॉल्तेअरशी आणि तोही फ्रेंचमध्ये. बड्या घरांत पोरांना फ्रेंच मास्तर. पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मध्ये तात्याना प्रेमपत्र लिहिते तेसुद्धा फ्रेंचमध्ये, आणि बिचाऱ्या कवीला ते आपण भाषांतर करून देतोय असं सांगावं लागतं. गंमत म्हणजे शाळेत पुश्किनचंच टोपणनाव 'फ्रेंच' होतं, आणि आजची साहित्यिक रशियन घडवण्याचं श्रेय त्यालाच देतात. त्यामुळे परकं ते सगळं वाईट असं म्हणायची माझी हिंमत नाही. दिवसभर इंग्रजीत मेल टाकून पोट भरणाऱ्यानं तर म्हणूच नये.

पण १८१२ मधली एक हकीकत मात्र डोक्यातून जात नाही. नेपोलियन मॉस्कोकडे येत होता. डेनिस दाविदोव्ह नावाचा घोडदळाचा अधिकारी (कवीही होता) ५० हुसार आणि ८० कोसॅक घेऊन शत्रूच्या पिछाडीवर छापे घालायला निघाला. आपल्याच गनिमी काव्याचा प्रकार. पण गावोगावी वेस बंद! आत शेतकरी कुऱ्हाडी आणि दाताळी घेऊन उभे. "आम्ही रशियन आहोत," म्हणून ओरडावं तर उत्तरादाखल कधी गोळी, कधी कुऱ्हाड. खूप समजावल्यावर दार उघडायचं, मग ब्रेड आणि बिअर पुढे यायची. तुम्ही आम्हाला फ्रेंच का समजलात, असं त्यानं विचारलं तर ते म्हणायचे, तुमचे कपडे त्यांच्यासारखेच दिसतात. अहो, पण मी रशियन बोलतोय ना? त्यावर उत्तर असं, की त्यांच्यातही सगळ्या तऱ्हेचे लोक आहेत.

ज्या देशासाठी मरायला निघालोय, त्याच देशातला शेतकरी आपल्याला शत्रू समजून कुऱ्हाड फेकतोय... दाविदोव्हनं मग शेतकऱ्याचा अंगरखा चढवला, छातीवर सरकारी पदकाऐवजी संत निकोलसची प्रतिमा लटकवली, त्यांच्या बोलीत बोलायला लागला. आणि दाढी वाढवली. पीटरनं कात्री उचलल्याला तेव्हा ११४ वर्षं झाली होती.

लढाई जिंकली, पण दाढीचा निकाल काही लागला नाही. १८३७ मध्ये पहिल्या निकोलसनं सरकारी नोकरांना दाढी-मिशांची बंदी घातली. मॉस्कोत कॉन्स्टंटिन अक्साकोव्ह हा लेखक हट्टानं दाढी राखून जुना रशियन पोशाख घालून हिंडायचा. त्यावर चादायेव्हनं (हा स्वतः आपले निबंध फ्रेंचमध्ये लिहिणारा!) कोटी केली, की रस्त्यावरचे लोक त्याला इराणी समजतात. शेवटी १८४९ मध्ये जमीनदार-सरदार वर्गानं दाढी ठेवू नये असं फर्मान निघालं, आणि अक्साकोव्हलाही ती उतरवावी लागली.