पुलाचा उजेड आणि माणसाचा उजेड

शहराचे फोटो काढायचे ते उन्हात, असा आपला समज. पॅरिसमध्ये एका माणसाने तो मोडीत काढला. त्याचे नाव ब्रासाई. मूळ नाव ग्युला हालास. १८९९ साली तो ज्या गावी जन्मला ते तेव्हा हंगेरीत होते, आज रुमानियात आहे. गावाच्या नावावरूनच त्याने आपले नाव घेतले. १९२४ मध्ये तो पॅरिसला आला, वर्तमानपत्रांत लिहून पोट भरू लागला आणि रात्र रात्र पायी भटकू लागला. त्यातून १९३३ साली ‘रात्रीचे पॅरिस’ हे त्याचे पुस्तक झाले.

तिकाटण्यावर कॅमेरा आणि आत काचेची प्लेट. उजेड कमी, म्हणून भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. तो वेळ तो सिगारेटवर मोजी; अंधार दाट असला की जास्त वेळ जळणारी सिगारेट! दिव्याचा झगझगाट झाडाआड ठेवी. धुके, पाऊस त्याला हवेच असत. ओल्या फरशीवर उजेड पसरतो आणि पूल, जिने, भिंती उठून दिसतात.

आम्ही भावंडांनी हे फोटो ग्रंथालयात पाहिले. पूल सुंदरच, पण आम्ही थांबलो ते ट्रामचे रूळ घासणाऱ्या कामगारांपाशी, संडासाच्या टाक्या उपसणाऱ्यांपाशी. पूल स्थिर असतो, त्याला रस्त्यावरचा दिवा पुरतो. माणूस हलतो. म्हणून माणसांसाठी ब्रासाई पुष्कळदा मॅग्नेशियमची पूड पेटवून स्वतः उजेड करी.

आमचे अण्णा सफाई खात्यात रात्रपाळीला होते. त्यांचा लग्नातला फोटो आहे, दीक्षाभूमीवरचा आहे, निवृत्तीचा हार घातलेलाही आहे. कामावरचा एकही नाही. “त्या कपड्यांत कशाला?” असे ते म्हणत. ज्या रस्त्यांवरून शहर सकाळी ऐटीत चालत असे, ते रस्ते झाडणारे हात आमच्या घरातल्या एकाही फोटोत नाहीत. अण्णा गेले, आता तो फोटो कोण काढणार?

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातून आजही कोणी रात्रपाळीला जात असेल, तर कामाच्या जागी, कामाच्या कपड्यांत त्यांचा एक फोटो काढा. मोबाइल खिशात आहेच. मात्र तो कागदावर छापून घ्या आणि मागे नाव, काम व साल लिहून ठेवा.