अम्मीच्या खोलीचा पांढरा

ईद तोंडावर आली आणि अंकुशनगरच्या घरी अम्मीची खोली रंगवायला काढली. जुना चुना खरवडून झाला. रंगाऱ्याने शेडकार्ड पुढे केलं. पांढराच हवा म्हटलं, तर त्यात चार पांढरे! एकाला निळसर झाक, एकाला पिवळसर, एकाला राखाडी, चौथा अगदी कोरा. मला निळसर आवडला. आल्यागेल्याच्या नजरेत भरेल असा.

कार्ड अम्मीपुढे धरलं. तिने एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा.

"बेटा, इस आंख से चारों एकीच दिस्ते. इस आंख से अलग अलग."

महिन्यापूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डावा व्हायचा होता. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. ते काढून नवं बसवलं, की पांढरं निळसर वाटू लागतं. फ्रेंच चित्रकार मोने याचं ऑपरेशन १९२३ साली झालं, तेव्हा त्याचीही हीच तक्रार होती. आता एकाच माणसाला दोन पांढरे दिसत असतील, तर भिंत कोणत्या डोळ्यासाठी रंगवायची?

अब्बांची आठवण झाली. ते इथल्या समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. साखर सगळी पांढरीच. पण तिच्यातही एस ३०, एम ३० अशा प्रती असतात. अक्षर दाण्याच्या आकाराचं, आकडा रंगाचा. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेकडून ठरलेल्या प्रतींच्या नमुन्याच्या बाटल्या येतात. त्यांच्याशेजारी आपली साखर ठेवून पारखायची. अब्बा म्हणायचे, पांढरा एकटा कधी कळत नाही, त्याच्याशेजारी दुसरा पांढरा लागतो.

मग तेच केलं. चारही रंगांचे हातभर चौकोन भिंतीवर ओढून घेतले. दोन-दोन हात दिले, वाळू दिले. शेजारी अम्मीची नमाजची ओढणी टांगली. खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. त्या उजेडात माझा निळसर रंग दवाखान्यासारखा दिसायला लागला. रात्री ट्यूबलाइटखाली तर आणखीच. पिवळसर तेवढा सकाळ-संध्याकाळ शांत होता.

तेव्हा लक्षात आलं, मी रंग निवडत होतो तो ईदला अर्धा तास बसून शीरखुर्मा पिऊन जाणाऱ्यांसाठी. अम्मी तर दिवसभर याच भिंतींकडे बघत असते.

तिने पिवळसर चौकोनावर बोट ठेवलं. मला नवल वाटलं. पूर्वी दर ईदच्या आधी ती स्वतः चुना भिजवायची आणि भिंत पिवळी दिसू नये म्हणून त्यात आठवणीने नीळ घालायची. मी तसं म्हणालो.

ती हसली. "नील तो अब आंख में आ गई बेटा. दीवार पे और कायको?"